बाकाखालचे पाय

४ जून

बारकीचं सामान आज गेलं. सामान म्हणजे दोन बॅगा, शिवणयंत्र, इस्त्री आणि ती उंच खुर्ची, जिच्यावर बसून तिनं माझी अकरा पुस्तकं टाइप केली. टाइपरायटर ठेवून गेली. म्हणाली, "ताई, हा तुला." मी म्हटलं, मला कुठं येतं. "शिकशील," म्हणाली. इस्त्री मात्र नेली, त्यामुळे उद्या बाजारात जाणं आलं.

धाकट्या बहिणीनं अठ्ठावन्नाव्या वर्षी लग्न केलं म्हणून नाक मुरडणाऱ्यातली मी नाही. ज्याची त्याची हौस. नवरदेव विधुर आहेत, गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस सभ्य. हळू बोलतात आणि बोलताना समोरच्याच्या नाकाकडे बघतात. चष्मा कुठं बसेल त्याचा अंदाज घेत असावेत. नोंदणी कार्यालयात सही करण्याआधी बारकीनं मागं वळून माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा पर्समध्ये पेनाचं टोपण शोधत होते. ते सापडेपर्यंत सही होऊन गेली होती.

ही वही मात्र त्यासाठी नाही. संध्याकाळी बोलायला कोणी उरलं नाही म्हणूनही नाही. आता बारावं पुस्तक सुरू करायचं आहे, 'ठिणगी' मालिकेतलं शेवटचं, आणि त्याची नीट नोंद राहावी असं वाटलं. लोक पुढं विचारतात.

६ जून

टाइपरायटरची फीत बसवण्यात सकाळ गेली. दोन्ही हात काळे, नाकाला शाई. प्रकाशक कॉम्प्युटर घ्या म्हणून मागं लागलेत, पण या वयात नवीन भांडण नको.

पुस्तकाचा आराखडा तयार आहे. ठिणगी पहिल्या पुस्तकात अकरा वर्षांची होती आणि अजून अकराचीच आहे. म्हातारी झाले ती मी. तिचं गाव तटबंदीचं, तीनशे वर्षांपूर्वीचं. बाप मशालजी, म्हणजे गावाच्या दरवाज्यावर रात्री मशाल धरून उभा राहणारा. या वेळी गावाला वेढा पडलाय, दरवाजा बंद आहे, आणि ठिणगीला निरोप घेऊन बाहेर जायचंय. दरवाज्यांबद्दल मी हिवाळ्यापासून वाचतेय. लाकूड कुठलं, खिळे केवढे, अडसर किती जाड, बिजागऱ्यांना तेल कुठलं. चूक काढायला कोणाला बोटभर जागा ठेवणार नाही.

१२ जून

पहिलं प्रकरण झालं. जेवण झाल्यावर सवयीनं मोठ्यानं वाचलं. पान संपल्यावर थांबले. थोड्या वेळानं लक्षात आलं की मी 'मग?'ची वाट बघतेय.

ही बारकीची खोड. मी लिहिलेलं वाचायचे, ती इस्त्री करत ऐकायची आणि पान संपलं की "मग?" म्हणायची. तेवढ्यावर थांबली असती तर ठीक होतं. पण हिला फाटे फोडायची सवय. "सकाळपासून धावतेय ती, भूक नाही लागली?" "कोठारात लपली ते ठीक आहे, पण तिला शू नाही का लागणार?" आख्खी नोकरी टेलिफोन खात्यात झालेली बाई, दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात हयात गेली, तिला इतिहासाशी काय कर्तव्य. तिचं मन राखायला मी एखादा फाटा घ्यायचे. टाइप करतानाही ती चार-दोन ओळी आपल्या मनच्या घुसडायची. मी त्या राहू द्यायचे, कारण पान पुन्हा टाइप कर म्हटलं की तिचं तोंड फुगायचं.

या वेळी मध्ये कोणी बोललं नाही. प्रकरण एका दमात उतरलं. हे चांगलंच म्हणायचं.

१८ जून

शाळेत जाऊन आले.

माझी पद्धत इथं लिहून ठेवते, कारण मुलाखतींत ती नेहमी चुकीची छापतात. छपाईला देण्याआधी प्रत्येक प्रकरण मी चौथीच्या वर्गात वाचून घेते. वाचतात चौथीच्या बाई. त्या सपाट वाचतात, नाटक करत नाहीत, म्हणूनच मला त्या लागतात. मी मागं एका बुटक्या स्टुलावर बसते आणि बाकांखालचे पाय बघते. चेहरे अजिबात बघायचे नाहीत. शहाण्यासारखा चेहरा करून बसायला मुलं दुसरीतच शिकतात, पण पायांना कोणी काही शिकवलेलं नसतं. गोष्टीनं धरून ठेवलं की पाय असतील तिथं थांबतात. एकावर एक चढलेले, बुटातून टाच निघालेली, कसेही, पण थांबतात. गोष्ट सुटली की हलायला लागतात. ज्या ओळीला हलले त्या ओळीसमोर मी पेन्सिलीनं खूण करते. खूण आली की ओळ गेली, मग ती कितीही लाडकी असो. अकरा पुस्तकं अशी झाली.

आज तिसऱ्या परिच्छेदापासूनच हलले. पहिल्या बाकाखाली एकजण बुटाची पट्टी उघडत होता, लावत होता, चर्र चर्र. बिजागऱ्यांपर्यंत पोचलो तेव्हा सगळा वर्ग बसल्या जागी सायकल चालवत होता. कागद खुणांनी भरला.

शाळेनं बाकं नवीन आणलीत. ती उंच आहेत, मुलांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. ते हलणारच.

२१ जून

रस्त्यात एका मुलीनं "ठिणगीच्या आजी" म्हणून हाक मारली. चेहरा काही ओळखीचा वाटेना. खाली बघितल्यावर पटलं. दुसरा बाक, भिंतीकडची. पाऊल टाकलं की तिच्या टाचेत लाल दिवा लागतो. असले बूट घालून मुलांनी स्थिर बसावं तरी कसं. बाईंना सांगितलं पाहिजे.

मुलगी म्हणाली, "आजी, या वेळी ठिणगीला भूक लागत नाही का?"

मी म्हटलं, वेढा पडलाय, सगळ्या गावालाच लागते.

"मग ती म्हणत का नाही?"

मी तिला म्हटलं, शाळेला उशीर होईल. ती म्हणाली, आज रविवार आहे.

३ जुलै

बिजागऱ्या काढल्या, तेल काढलं, लढाई आणली. फरक नाही. तोफांच्या आवाजाबरोबर पाय तालात हलले, एवढंच.

वर्ग सुटल्यावर बाई म्हणाल्या, "एक बोलू का? राग नाही ना येणार?" असं विचारून बोलतात ते हमखास राग येण्यासारखंच असतं. म्हणाल्या, "मुलं अजून ती शिंक मागतात. पाचव्या पुस्तकातली."

त्यात ठिणगी पिठाच्या पोत्यांमागं लपलीय, पहारेकरी हातभर अंतरावर आहे आणि तिला शिंक येते. ती शिंक दाबायला शेजारच्या बोकडाचा कान धरते, आणि बोकड ओरडतो म्हणून पहारेकरी बोकडाला शिव्या देऊन निघून जातो. त्या प्रकरणाला वर्गात एकही पाय हलला नव्हता, हे मला पक्कं आठवतं. लिहिल्याचं मात्र तितकंसं आठवत नाही. चांगलं लिहून होतं तेव्हा अशीच तंद्री लागते. बोकड बारकीचा असावा. शिंक माझी.

१० जुलै

बारकीला फोन केला. म्हटलं, एक पान वाचते, ऐक. दुसऱ्याच ओळीला म्हणाली, "ताई, दुकानात गिऱ्हाईक आहे, ठेवू?" मी म्हटलं ठेव. जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले आणि सख्ख्या बहिणीचा ठेवला. मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. आवाज खुशीतला वाटला.

दिवसभर टेबलाशी बसले, लिहिणं झालं नाही. संध्याकाळी घर खायला उठतं असं लोक म्हणतात, ते मला नेहमी वाढवून सांगितल्यासारखं वाटायचं. आता वाटत नाही. तिची आठवण येते. लिहून टाकलं, आता पुढं.

२२ जुलै

सकाळभर चष्मा शोधला, तो डोक्यावर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पण घातल्यावरही अक्षरं पुसटच. म्हणजे नंबर बदलला. चष्मेवाले घरातलेच असताना दुसऱ्याकडे जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून गेले.

दुकान अरुंद, भिंतींना आरसेच आरसे. मेहुणे आतल्या खोलीत कुणाचा तरी नंबर काढत होते. बाहेर बारकी. आमच्या घरातल्या उंच खुर्चीवर एक छोटी मुलगी बसली होती, पहिला चष्मा घ्यायला आलेली. बाजूच्या बाकावर आणखी दोन मुलं आणि त्यांची आई. चष्म्याची काडी कानामागं बेताची वाकवायची तर मुलानं मान हलवून चालत नाही. बारकी काडी गरम करत होती, वाकवत होती, लावून बघत होती, आणि तोंडानं बोलत होती. मी दारातच थांबले आणि सवयीनं आधी खाली बघितलं. खुर्चीवरून दोन पाय लोंबत होते. एक बूट सुटून नुसता अंगठ्यावर लटकला होता, पण हलत नव्हता. बाकावरचेही पाय थांबलेले. आईचेसुद्धा.

मग मी कान दिला. बारकी ठिणगीची गोष्ट सांगत होती. ठिणगी बादलीत बसून विहिरीत उतरतेय, अर्ध्यावर आलीय, आणि वर दोर धरून उभा असलेल्या माणसाला खोकल्याची उबळ आलीय. हे माझ्या अकरा पुस्तकांत कुठंही नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं, "हे कुठलं?"

"आत्ताच सुचलं," म्हणाली. "चहा घेणार?"

"ठिणगी माझी आहे."

"नाही कोण म्हणतंय?"

"मग तिच्या जिवावर तू दुकान चालवतेस ते?"

बारकीनं हातातला चष्मा खाली ठेवला. ती चिडली की आवाज चढत नाही, उतरतो. "ताई, तिला भूक कोणी लावली? शू कोणी लावली? अंधाराला घाबरते ती कोणामुळे? तू तिला किल्ला दिलास, दरवाजे दिलेस, सनावळ्या दिल्यास. पोर कोणी दिली?"

मी म्हटलं, "इतिहास लिहायला अभ्यास लागतो."

"लागतो. तो तू केलास. मी कधी म्हटलं नाही की मी केला. पण प्रत्येक पुस्तकावर एवढं मोठं तुझं नाव. माझं कुठं आहे ते दाखव."

"तिसऱ्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत आहे."

"तिथं टंकलेखनासाठी आभार मानलेत. अर्पण केलंयस ते ग्रंथालयाला."

मेहुणे आतून बाहेर आले. दोघींच्या नाकांकडे आळीपाळीनं बघितलं आणि परत आत गेले. मी नंबर न काढता घरी आले.

तिसरं पुस्तक काढून बघितलं. ग्रंथालयच आहे.

२३ जुलै

राग आहे, उगीच नाही कशाला म्हणू. इतिहास कशाशी खातात ते माहीत नसलेली बाई मला विचारते, पोर कोणी दिली. आयत्या बिळावर नागोबा. हा शब्द मनातल्या मनात दिवसभर तिला लावून बघितला. संध्याकाळपर्यंत तो कोणाला लावायचा त्याचा जरा गोंधळ झाला. लवकर जेवून घेतलं.

शिंकेचं विचारायचं राहिलं.

५ ऑगस्ट

प्रकाशक येऊन गेले. थोरले मालक होते तेव्हा आधी अर्धा तास तब्येतीची चौकशी व्हायची. धाकट्यांनी थेट पानं मागितली आणि समोर बसून वाचायला घेतली. मी टेबलाखाली बघितलं. तपकिरी बूट, नाड्यांचे. दुसऱ्या पानाला उजवा हलायला लागला, चौथ्याला दोन्ही.

वाचून झाल्यावर चेहरा अगदी शहाण्यासारखा केला. "मॅडम, अभ्यास जबरदस्त आहे." मी म्हटलं, पुढं बोला. म्हणाले, "शाळांना थंडीच्या सुट्टीआधी पुस्तक हवंय. आमच्याकडे एक नवीन लेखक आहे, चटपटीत लिहितो. तुम्ही आराखडा द्या, तो लिहून काढेल. नाव तुमचंच राहील."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की दुसऱ्यानं लिहायचं आणि वर नाव माझं लावायचं, असली लबाडी मी उभ्या जन्मात केलेली नाही.

हे बोलून झाल्यावर समोरचा पेला उचलला. पाणी प्यायले. ते म्हणाले, "बघा, महिनाअखेरपर्यंत थांबतो. नाहीतर आम्हाला ठिणगी त्याच्याकडे द्यावी लागेल. करारात तसं आहे." करारात तसं आहेच. थोरल्या मालकांबरोबर चहा पिता पिता मी त्यावर सही केली होती.

ते गेल्यावर बराच वेळ तशीच बसले. ठिणगी कोणा चटपटीत माणसाच्या हाती जाणार, हा विचार मला सहन होत नाही. तो तिला शूर करून ठेवील. ती शूर नाही. ती घाबरते आणि तरी जाते. हे त्याला कोण सांगणार? मला तरी कोणी सांगितलं होतं?

१३ ऑगस्ट

ठिणगी दिंडीपाशी उभी आहे. दिंडी म्हणजे मोठ्या दरवाज्यातलं माणूसभर छोटं दार. तिथून बाहेर पडायचं तर बापाच्या समोरून जावं लागतं आणि बाप मशाल घेऊन उभा आहे. चार वेळा लिहिलं. एकदा बापाला झोपवलं, एकदा आजारी पाडलं, एकदा मशाल विझवली, एकदा तर बापच काढून टाकला. चारही वेळा मलाच कंटाळा आला. माझेच पाय हलत होते टेबलाखाली, मी बघितले.

ती तिथंच उभी आहे. मला तिला पुढं नेता येत नाही.

१९ ऑगस्ट

उद्याचा वर्ग ठरलेला आणि बाईंचा घसा बसला. मी स्वतः वाचू शकत नाही, कारण वाचलं तर पाय कोण बघणार. फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला.

"उद्या वर्गात वाचशील का?" मी विचारलं.

"मी?"

"बाईंचा घसा बसलाय."

बारकी म्हणाली, "एवढ्यासाठी फोन केलास?"

"नाही."

ती गप्प राहिली. टेलिफोनवर कधी बोलायचं नाही ते तिला बरोबर कळतं. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटा माझ्या खिडकीतून तिलाही ऐकू गेली असणार.

"येते," शेवटी म्हणाली. "पण वाचता वाचता मला कंटाळा आला तर मी जबाबदार नाही."

२० ऑगस्ट

बारकी नवा चष्मा घालून आली. शोभत होता. सांगितलं नाही. इतकी वर्षं मी दर पुस्तकाला शाळेत जातेय, पण ती आज पहिल्यांदाच आली. एरवी तिची नोकरी असायची, मी घरी आले की नुसतं "किती खुणा?" विचारायची. वर्गात शिरल्यावर खुर्ची सोडून टेबलावरच बसली, पाय खाली सोडून. बाई काही बोलल्या नाहीत, घसाच नव्हता.

मी माझ्या स्टुलावर बसले, पेन्सिल काढली. तिनं वाचायला सुरुवात केली. पहिल्या परिच्छेदाला दिव्याचे बूट लागले. खूण केली. दुसऱ्याला चर्र चर्र. खूण. तिसरी खूण करतेय तोच तिनं ओळ मध्येच सोडली, कागद टेबलावर पालथे घातले आणि मुलांना म्हणाली, "दरवाजा लई मोठा होता, कळलं ना? बास मग."

मी अर्धी उठले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"ठिणगी त्या छोट्या दारापाशी उभी आहे," म्हणाली. "अनवाणी, वहाणा वाजतात म्हणून. डोक्यावरून चादर. समोर बाप, हातात मशाल. आता ती बोलली तर काय होईल?"

कोणीतरी म्हणालं, तो ओळखेल.

"आणि ओळखलं तर?"

"जाऊ देणार नाही."

"कोणता बाप पोरीला तोफांकडे जाऊ देईल? बरं, नाही बोलली तर?"

"शत्रू समजून ओरडेल."

"म्हणजे बोलायची सोय नाही आणि गप्प राहायचीही नाही. सकाळपासून तिनं एक कांदा खाल्लाय. पोटात गुडगुडतंय, तेसुद्धा त्याला ऐकू जाईल असं वाटतंय. आणि बापाला हाक मारावी असं एवढं वाटतंय तिला, एवढं, की तिनं चादरीचं टोक तोंडात धरलंय. बाप म्हणतो, कोण आहे?"

बारकी थांबली.

"ती उत्तर देत नाही. बाप मशाल खाली करतो. चेहरा नाही दिसत त्याला, चादर आहे. दिसतात ते पाय. दोन अनवाणी पाय, आणि डाव्या अंगठ्यावर जुना व्रण. विळा लागला होता तिला, लहान असताना. तो अंगठा धुवून बांधला कोणी होता? यानंच. बाप बघतो. खूप वेळ बघतो. आणि मग मशाल या हातातून त्या हातात घेतो, आणि दाराकडे पाठ करून उभा राहतो. वरून पहारेकरी ओरडतो, कोण आहे रे खाली? बाप म्हणतो, कोणी नाही. वारा आहे."

शाळेची घंटा झाली. मी दचकले. इतक्या वर्षांत त्या घंटेला मी कधी दचकले नव्हते.

मुलं गलका करत बाहेर पडल्यावर मी हातातल्या कागदाकडे बघितलं. वर तीन खुणा, खाली काही नाही. पाय थांबले होते की हलले होते, मला सांगता येणार नाही. मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. बारकीचा चेहरा बघत होते.

जिन्यात तिनं विचारलं, "किती खुणा?"

मी कागद दिला. तिनं तो उलटसुलट करून बघितला. "तीन. आणि मी सांगायला लागल्यावर?"

"बघायचं राहिलं."

तिनं कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. पाच-सहा पायऱ्या उतरल्यावर म्हणाली, "सही करताना मी मागं बघितलं होतं. तू काहीतरी शोधत होतीस."

"टोपण."

"नुसतं जा म्हणाली असतीस तरी चाललं असतं, ताई."

"मला जा म्हणायचं नव्हतं," मी म्हटलं. "तू जाऊ नयेस असं वाटत होतं. म्हणून शोधत बसले."

तिनं माझा हात धरला. जिना चढा आहे, शिवाय मला नवा नंबर अजून मिळालेला नाही. तळाशी आल्यावरही तिनं तो लगेच सोडला नाही.

फाटकाशी म्हणाली, "या पुस्तकावर माझं नाव पाहिजे. मोठं नको. पण तुझ्याएवढंच."

मी म्हटलं, बघते. मग म्हटलं, हो.

२४ ऑगस्ट

प्रकाशकांना फोन केला. सांगितलं, पुस्तक वेळेत मिळेल, मालिका दुसऱ्या कोणाला द्यायची गरज नाही, आणि मुखपृष्ठावर दोन नावं येतील, एका मापाच्या अक्षरांत. म्हणाले, "मॅडम, वाचकांना एकाच नावाची सवय आहे." मी म्हटलं, ती मोडेल. म्हणाले, "आणि जुन्या अकरा पुस्तकांचं काय?" मी म्हटलं, नवीन आवृत्ती काढाल तेव्हा त्यांच्यावरही. बारकीसारखं गप्प राहणं त्यांना जमत नाही, शेवटी "ठीक आहे" म्हणाले.

दुपारी दुकानात गेले. मेहुण्यांनी नंबर काढला. बराच वाढलाय. "ताई, तुम्हाला लांबचं उत्तम दिसतं," माझ्या नाकाकडे बघत म्हणाले, "जवळचंच कमी झालंय."

काचा बसवायला वेळ होता. गिऱ्हाईक नव्हतं. बारकीनं मला उंच खुर्चीवर बसवलं, मांडीवर कोरे कागद दिले, हातात पेन दिलं. मी शिंकेचं विचारलं. "माझी," म्हणाली. "बोकड तुझा. विसरलीस? मी हसून हसून इस्त्रीनं उशीचा अभ्रा जाळला होता." मला खरंच आठवत नव्हतं.

"हं, सांग," मी म्हटलं. "ती दाराबाहेर पडली."

बारकी चष्मे पुसत सांगायला लागली. ठिणगी बाहेर पडली, पण लगेच पळाली नाही. बंद दाराला पाठ लावून उभी राहिली. आतल्या बाजूनं बाप तसाच पाठ करून उभा होता. मध्ये फक्त लाकूड. मी म्हटलं, ते चार बोटं जाड असतं. "बरं झालं सांगितलंस," म्हणाली, "म्हणजे चार बोटांवर बाप. तिला त्याचा श्वास ऐकू येतोय." मग सांगता सांगता ती थांबली. हातातलं फडकं तसंच राहिलं. ती खाली माझ्या पायांकडे बघत होती.

मी म्हटलं, "मग?"